जयंतीला अग्निशमनच्या जवानांनाही बोलवा

१४ एप्रिल म्हणजे आपल्यासाठी बाबासाहेबांची जयंती. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो, हे वस्तीत फारसे कुणाला ठाऊक नसते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. स्फोटांत आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात आणि जवान शाळांत जाऊन मुलांना प्रात्यक्षिके दाखवतात.

पाचगणी हे निवासी शाळांचे गाव. मोठ्या मैदानावर प्रात्यक्षिक छान रंगते. पण माझ्या मते ते आधी अंगणवाडीत, नगरपालिकेच्या शाळेत आणि विहारात व्हावे. जिथे एकाच खोलीत शेगडी, अंथरूण आणि दप्तर असते, त्या घरची मुले तिथेच भेटतात. २००४ च्या १६ जुलैला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुले जळून मेली. आग सुरू झाली ती माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून. खिचडी आपल्याही शाळांत शिजते.

दाखवायचे काय? आग विझवण्याचा लाल सिलिंडर सहा वर्षांच्या पोराला उचलत नाही. घाबरलेले लहान मूल पळत नाही, ते कॉटखाली किंवा कपाटामागे लपते. त्यात धुरातून मुखवटा घातलेला, घरघर श्वास घेणारा माणूस आला की आणखी आत सरकते. म्हणून जवानाने मुलांसमोर एकेक करून हेल्मेट, मुखवटा चढवावा, त्यांना हात लावू द्यावा, “मी दिसलो की ओरडून हाक मारायची” असे सांगावे. फोटोला हे शोभत नाही, पण जीव यानेच वाचतो. मग धूर वर चढतो म्हणून रांगत बाहेर यायचे, दप्तरासाठी परत जायचे नाही, कपडे पेटले तर थांबायचे, आडवे व्हायचे, लोळायचे. हे मुलांकडून करवून घ्यावे, नुसते सांगू नये.

आईबापांसाठी एक गोष्ट मी नर्स म्हणून सांगते. भाजलेल्या जागी टूथपेस्ट, हळद, शाई लावून आणलेली मुले मी पाहिली आहेत. ते पुसून काढताना मूल दुसऱ्यांदा भाजल्यासारखे ओरडते. भाजले की लगेच साधे थंड पाणी वीस मिनिटे ओतत राहा. बर्फ नको. सूज यायच्या आत बांगडी, कडे काढा, फोड फोडू नका, चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ कापडाने झाकून १०८ ला फोन करा. वीस मिनिटे नळाला पाणी असते तर काय हवे होते! हंड्यातले तांब्याने ओता, तेही चालते.

जयंतीच्या आदल्या रात्री आपल्याकडे शेकडो मेणबत्त्या पेटतात, मुलींच्या अंगावर नायलॉनचे फ्रॉक असतात, मंडपात उघड्या वायरी लोंबतात. १४ तारखेला शाळेला सुट्टी, पण वंदनेला मुले विहारात असतातच. जयंती समितीने नगरपालिकेला मार्चमध्येच लेखी अर्ज द्यावा आणि मिरवणुकीआधीचा सकाळचा एक तास मागावा.