‘मदत मिळाली’

मराठी प्रवासवर्णनातून ‘एकट्याने’ हा शब्द काही काळ जप्त करून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. गेल्या काही वर्षांत हिमालयातल्या सायकलस्वारीवर मराठीत बरेच लिहिले जाऊ लागले. दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, महाविद्यालयांची वार्षिके यांतून मनालीहून लेहला किंवा काझाच्या वरच्या गावांत सायकल घेऊन गेलेल्या तरुणांचे (आणि पन्नाशीतल्या गृहस्थांचेही) लेख येतात. सगळ्यांत एक अनोळखी वाट असते, एक खिंड असते, आणि दोन्हींच्या मध्ये केवळ ‘मी’ असतो.

अशाच एका लेखाला आम्ही पारितोषिक दिले. म्हणून आधी आमचाच अपराध.

लेख आमच्याच एका विद्यार्थ्याचा होता. स्पितीतल्या कोमिकहून डेमुलला जाणारी पायवाट त्याने माउंटन बाइकवर, एकट्याने, पूर्वी कधी न पाहता पार केली, असा त्याचा विषय. भाषा ओघवती होती, शब्दकळा समृद्ध होती. ‘व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार’, ‘आत्मनिष्ठ अनुभूती’ हे आमचे ठेवणीतले निकष त्याला चपखल लागू पडत होते. लेख छापून आल्यानंतर एके दिवशी चहाच्या टेबलावर त्याच प्रवासाची हकिकत त्याने तोंडी सांगितली आणि आम्ही चमकलो. सांगण्यातला मुलगा वाटेत कोसळला होता. गुरे परत आणायला निघालेल्या दोन बायकांना तो दगडाला टेकून बसलेला दिसला. त्याला नीट उभे राहता येत नव्हते. त्यांनी त्याला गाढवावर घातले, सायकल एकीने ढकलत नेली. डेमुलमध्ये एका घरात त्याला ऊब दिली, आणि तिथून रात्रीच मालवाहू गाडीने खाली काझाच्या दवाखान्यात पोहोचवले. लेखात यातले काय आले होते? दोन शब्द: ‘मदत मिळाली.’

या दोन शब्दांकडे व्याकरणाच्या शिक्षकाच्या नजरेने पाहावे. ‘मिळणे’ हे क्रियापद फार सोयीचे आहे. नोकरी मिळते, संधी मिळते, मदत मिळते. देणाऱ्याला वाक्यात जागाच लागत नाही. वाक्याचा कर्ता ‘मदत’. ती कुठूनशी आली, पावसासारखी. त्याच लेखात बाकीची क्रियापदे मात्र भलतीच सकर्मक: मी चढण सर केली, मी वाट पादाक्रांत केली, मी उंचीवर मात केली. जिथे पराक्रम तिथे ‘मी’ कर्ता, आणि जिथे दुसऱ्याचे हात लागले तिथे कर्ताच गायब. हा दोष एकट्या त्या मुलाचा म्हणून सोडून देता येत नाही. ही वाक्यरचना त्याने आमच्याकडून, आम्ही नेमलेल्या उताऱ्यांकडून उचलली आहे.

‘सर करणे’ हा शब्दप्रयोग तर मुळात किल्ल्यांचा. किल्ला कोणाकडून तरी घ्यायचा असतो, आत शिबंदी असते, म्हणून तो सर होतो. कोमिक-डेमुलची वाट कोणाच्या ताब्यातून घेतली? ती वाट याक, गाढवे आणि माणसे यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जाण्यायेण्याने पडलेली आहे. कुठे वळावे, कुठला घसारा टाळावा, हे त्या वाटेच्या आकारातच लिहिलेले असते. सायकलस्वार ज्या भुरभुरत्या उतारावर ब्रेकच्या दोन बोटांवर जीव तोलून उतरतो, तिथे चाक जेमतेम मावेल एवढी पट्टी कोणाच्या तरी खुरांनी दाबून ठेवलेली असते. तिला ‘अनोळखी’ म्हणताना कोणाला अनोळखी, हे सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते. आपल्याकडे ढोरवाट, पाऊलवाट, नाळ असे नेमके शब्द आहेत. वाट कोणी पाडली, ती कशी आहे, याची आठवण त्या शब्दांतच आहे. इंग्रजी ‘ट्रेल’ जसाच्या तसा उचलला की ती आठवणही पुसली जाते. (असो. ‘कुंझुम ला पास’ लिहिणाऱ्यांना ‘ला’ म्हणजेच खिंड, हेही एकदा सांगून टाकायला हवे.)

आता त्या लेखातल्या अलंकारांकडे येऊ, कारण आमचा खरा राग तिथे आहे. कोसळण्यापूर्वीच्या तासाचे वर्णन त्याने असे केले होते: सायकल बंड करू लागली, पुढचे चाक ऐकेना, पर्वत जणू परीक्षा पाहत होता. आम्ही या ओळींखाली कौतुकाची रेघ मारली होती. वास्तविक पुढचे चाक ठाकठीक होते. तोल जात होता तो त्याचा. अति उंचीवर डोकेदुखी आणि ओकारी यांच्या पाठोपाठ चाल अडखळू लागली, तर ती मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, आणि तशा वेळी खाली उतरणे हाच मुख्य उपचार असतो. म्हणजे आम्ही ज्याला चेतनागुणोक्ती म्हणून दाद दिली, ते आजाराचे लक्षण होते. अलंकाराने ते इतके छान झाकले की वाचणाऱ्या पुढच्या मुलाला ते ओळखूही येऊ नये.

आकडेवारी रुक्ष म्हणून ललित लेखनातून वगळली जाते, म्हणून आम्हीच ती इथे देतो. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे. १ एप्रिल असो की १ ऑगस्ट, शरीराला कॅलेंडर कळत नाही, उंची कळते. मनालीहून गाडीने एका दिवसात साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडून माणूस काझाला, सुमारे ३,७०० मीटरवर, झोपायला पोहोचतो. कळसूबाई १,६४६ मीटर. सह्याद्रीच्या घाटांत कमावलेल्या मांड्यांचा तिथे फारसा उपयोग नसतो. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा रूढ वैद्यकीय सल्ला आहे. शिमला-किन्नौरच्या वाटेने टप्प्याटप्प्याने गेले तर तो पाळणे सोपे जाते. आमच्या विद्यार्थ्याने काझात एक रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी तो कोमिकला, साडेचार हजार मीटरवर, सायकल रेटू लागला. तिथे हवेतले प्राणवायूचे प्रमाण एकवीस टक्केच असते, ‘हवेत प्राणवायूच नसतो’ हे लेखकांचे आवडते वाक्य चूक आहे. हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी झालेला असतो.

हे ज्ञानही कोणी ‘एकट्याने’ मिळवलेले नाही. १९६९ साली इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या आजाराचा मोठा अभ्यास मांडला, तो १,९२५ भारतीय जवानांच्या नोंदींवर आधारलेला होता. घाईने उंचीवर नेलेल्या त्या शरीरांनी जे सोसले, त्यातून आजचा सायकलस्वार गोळी कधी घ्यावी आणि कधी मागे फिरावे हे शिकतो.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, एकांत हे ललित लेखनाचे मूल्य आहे, त्यावर समाजशास्त्राचे ओझे लादू नका. एकांताला आमचा विरोध नाही. डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये आयर्लंडहून भारतापर्यंत सायकलवर एकटी आली, बाबुसर खिंडही तिने ओलांडली. ‘फुल टिल्ट’ हे तिचे पुस्तक १९६५ चे. ते माणसांनी गजबजलेले आहे. कोणी जेवू घातले, कोणाच्या घरी ती निजली, हे ती सांगत जाते. एकटी असल्यामुळे तिला पदोपदी दुसऱ्याची गरज पडली आणि ती गरज तिने लपवली नाही. इतके दूर जायचे नसेल तर आपले गोडसे भटजी आहेत. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या या भिक्षुकाचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीती आहे, लूटमार आहे, लपणे आहे, दक्षिणेचा हिशेब आहे. कोणी आसरा दिला आणि कोणी नाडले, हे त्यांनी सांगितले आहे. कुठेही त्यांनी काही ‘सर’ केलेले नाही, तरी त्यांच्या गद्याला कोणी रुक्ष म्हणत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच विभागातला आहे: ललित लेखाला वस्तुस्थितीचे माप लावू नये. हे सहकारी कथेच्या तासाला वास्तवाचा आग्रह धरतात आणि प्रवासवर्णनाच्या तासाला त्याला सुट्टी देतात, याची गंमत वाटते. कादंबरी वाचून कोणी पाठपिशवी भरत नाही. प्रवासवर्णन वाचून मुले भरतात. पारितोषिक जाहीर झाल्यावर दुसऱ्या वर्षाच्या दोघांनी त्याच लेखाची छायाप्रत मागून नेली, तेव्हा ते रसग्रहणासाठी असेल असे आम्ही समजलो. ते वाटेची माहिती काढत होते.

त्या दोघांना आम्ही बसवून सगळी तोंडी हकिकत ऐकवली. मूळ लेखकालाही विचारले की त्या बायका लेखात का आल्या नाहीत. त्याचे उत्तर प्रामाणिक होते: ‘सर, त्या आल्या असत्या तर लेख एकट्याचा राहिला नसता.’ त्यांची नावे त्याला माहीत नाहीत. विचारली नव्हती.

वार्षिकाच्या पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापावे, असा प्रस्ताव आम्ही संपादक मंडळापुढे ठेवला आहे. मजकूर मूळ लेखकाच्या संमतीने केला आहे तो असा: “‘मदत मिळाली’ याऐवजी ‘डेमुलच्या दोन बायकांनी मला गाढवावर घालून गावात नेले, माझी सायकल त्यांच्यातल्या एकीने ढकलत आणली’ असे वाचावे.” ललित लेखाचे शुद्धिपत्र काढण्याची प्रथा नाही, या कारणास्तव बैठकीत तो तूर्त पुढे ढकलला गेला आहे.