मोबाइलची बॅटरी : झीज आणि जबाबदारी

बंगळूरच्या पूर्व भागात, बाह्य वर्तुळाकार मार्गावर मारतहळ्ळी ही गजबजलेली वस्ती आहे. आसपास माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची मोठमोठी संकुले आहेत, आणि तेथील माणसांना जेवण, किराणा, औषधे घरपोच देणारे असंख्य तरुण दिवसभर दुचाकीवर फिरत असतात. त्यांचे काम फोनवर येते, रस्ता फोन दाखवतो, पैसेही फोनवरच जमा होतात. ऐन संध्याकाळी, मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळी, फोन बंद पडला तर त्या दिवसाची निम्मी कमाई बुडू शकते. अशा माणसाच्या दृष्टीने फोनची बॅटरी म्हणजे सुताराच्या रंध्याचे पाते होय. पाते झिजते, ते बदलावे लागते. परंतु पाते झिजले म्हणून सुतार रंधा फेकून देत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करू लागलो आहोत.

बॅटरी का झिजते, हे आधी समजून घेऊ. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी या जपानी कंपनीने ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करीत असतात. प्रत्येक खेपेत त्यांतले थोडे ग्रॅफाइटच्या टोकावर साचणाऱ्या थरात अडकून पडतात, ते परत येत नाहीत. साठवणक्षमता अशी हळूहळू घटते आणि आतला विरोध वाढतो. म्हणूनच जुना फोन वीस टक्के दाखवीत असतानाच अचानक मान टाकतो.

ही झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो. उष्णता हा बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू. बंगळूरची हवा सौम्य आहे खरी. पण हँडलवर, प्लॅस्टिकच्या पाकिटात, भर उन्हात, पडदा सतत उजळलेला आणि त्यातच पॉवर बँकेची तार जोडलेली, अशा फोनला त्या सौम्य हवेचा काय उपयोग? नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. चार्जिंग सावलीत करावे, फोन तापला असेल तर आधी निवू द्यावा. बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर ठेवणे किंवा वारंवार पार रिकामी करणे, दोन्ही टाळावे. अनेक नव्या फोनांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये’ हा उपदेश अजून ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. बॅटरी गेली, उपदेश राहिला.

आपल्या बॅटरीची तब्येत कशी पाहावी? आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, तसेच काही अँड्रॉइड फोनांत, मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरली आहे हा आकडा मिळतो. तो ऐंशीच्या खाली गेला की बॅटरी बदलण्याचा विचार करावा. फोनची पाठ किंवा पडदा उचलला गेलेला दिसला, तर मात्र आकड्याची वाट पाहू नये. ती फुगलेली बॅटरी असते. फोन तत्काळ बंद करावा, बॅटरी दाबू वा टोचू नये. ती पेट घेऊ शकते.

एवढी काळजी वापरणाऱ्याने घ्यावी, हे मान्य. परंतु सगळा भार त्याच्यावरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापण्याचा धोका असल्याचे जाहीर केले. लोकांनी नखाने फोनचे झाकण उघडले, बॅटरीवरचा क्रमांक पाहिला. सदोष बॅटरी तेवढी बदलून मिळाली आणि फोन घरातच राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या, तेव्हा बॅटरी आत बंदिस्त होती. संपूर्ण फोनच परत घ्यावे लागले आणि अखेर ते मॉडेल बंद झाले. नऊ वर्षांत फोन कितीतरी हुशार झाला, पण मालकाच्या हातून त्याचे झाकण गेले.

माहितीचेही तसेच. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण संथ करीत होतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. पण ग्राहकाला ते सांगितले नव्हते. बॅटरी बदलून काम भागले असते, तेथे अनेकांनी नवा फोन घेतला असेल. याच कारणासाठी फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरो दंड झाला. बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय आयफोनमध्ये आली ती या गदारोळानंतर, २०१८ मध्ये.

पाणी आत शिरू नये म्हणून फोन बंदिस्त करावा लागतो, असे उत्पादक म्हणतात. ठीक आहे, झाकण नखाने उघडलेच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण अस्सल बॅटरी वाजवी किमतीत, गावातल्या दुरुस्ती करणाऱ्यालाही मिळावी आणि प्रत्येक फोनने, स्वस्तातल्या फोननेसुद्धा, आपल्या बॅटरीची अवस्था मालकाला सांगावी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनांच्या बॅटरीने ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरल्यावरही ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे, असे बंधन आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी बॅटरी बसवून घेताना ती अस्सल आहे का, तिची हमी किती महिन्यांची आहे आणि काढलेली जुनी बॅटरी कुठे जाणार, हे तिन्ही प्रश्न दुकानदाराला विचारावेत आणि पावतीही मागून घ्यावी.