आजीचा आवाज आणि फायलींची मालकी

मंडळी, टोकावड्याच्या घरात सध्या कॉम्प्युटरवरून वाद पेटलाय. सुट्टीला आलेल्या भाचरांना एरर आली की 'डिंग' नको, पणजीचा आवाज हवाय. पणजी म्हणजे आमची आजी. तिच्या जात्यावरच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच ती कुणावर तरी ओरडलीय, "आरं, हात नको लावू!" नेमके तेच दोन सेकंद. धाकट्या काकांना हे मुळीच पसंत नाही. गेलेल्या माणसाच्या आवाजाचा खेळ करू नये, म्हणतात. त्यांची आईच ती.

मी भाचरांच्या बाजूने आहे. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. जपून ठेवलेलं रेकॉर्डिंग वर्षातून एकदा, श्राद्धाच्या आसपास वाजतं. त्यापेक्षा ती घरात अधूनमधून ओरडलेली बरी. आणि कॉम्प्युटरचे आवाज काही सोवळ्यातले नव्हेत. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ चं सुरुवातीचं संगीत ब्रायन ईनोसारख्या नामवंत माणसाने केलं (तेही मॅकवर, असं त्यानेच पुढे सांगितलं!), तरी लोकांनी ते काढून सिनेमाचे डायलॉग लावलेच की. साउंडची खिडकी उघडायची, वेव्ह फाइल निवडायची, झालं. एमपी३ तिथे अजूनही चालत नाही.

काकांची भीती खोटी नाही, पण ती भलत्या जागी आहे. आवाज लावण्यात धोका नाही. ते दोन सेकंद काढायला पोरं मूळ फाइल उघडणार, बाकीचं खोडणार आणि 'सेव्ह' म्हणणार, तिथे खरा धोका. चाळीस मिनिटांच्या ओव्या गेल्या! आमच्याकडे (डोंबिवलीकर, तुमच्याकडेही) सगळं घर एकाच खात्यावर, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड नाही. २००१ च्या एक्सपीच्या होम आवृत्तीत तर परवानग्यांचा टॅब सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय दिसायचाच नाही. ही सोय आहे हेच कितीजणांना कळलं नसेल.

नुसत्या 'रीड-ओन्ली'च्या खुणेने भागत नाही, ती कुणीही काढू शकतो. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. तिथे फाइल ४४४ केली तरी फोल्डरवर लिहायची मुभा असेल तर ती पुसता येतेच. कुलूप खोलीला हवं, नुसतं पेटीला लावून काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं असं, की मुलांना वेगळं, साधं खातं द्यावं. विंडोजमध्ये आवाजांची निवड ज्या त्या खात्यापुरती असते. त्यांच्या खात्यात आजी ओरडेल, काकांच्या खात्यात डिंगच वाजेल. ओव्यांच्या फोल्डरवर मुलांना फक्त वाचायची परवानगी. वाचता आलं की कॉपी करता येतं, मग त्या कॉपीचे हवे तेवढे तुकडे करा.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड काकांकडे. ते तो डायरीत लिहिणार आणि डायरी कॉम्प्युटरशेजारीच ठेवणार, हे आम्हाला ठाऊक आहे :-) असो. डिस्कच बसली तर परवानग्या काय कामाच्या, म्हणून एक प्रत पेनड्राइव्हवर मुरबाडला आत्याकडे जाईल. आणखी कुणाला हवी असेल तर या आठवड्यात कळवा.