करवतीची विद्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित अरण्यांत यंत्रचलित अवजारांस, काही अपवाद वगळता, मनाई केलेली असल्यामुळे, वादळाने पायवाटांवर आडवे पडलेले प्रचंड वृक्ष दूर करण्याचे काम आजही मुख्यतः दोघांनी ओढावयाच्या करवतीवर चालते. आणि ते आपखुशीने पत्करणाऱ्या स्वयंसेवकांस वनखात्याच्या मुलखात रीतसर शिक्षण घेऊन योग्यतेचा दाखला मिळवावा लागतो. या करवतीचे कापणारे दाते काष्ठतंतू दोन्ही कडांनी छेदतात, खरवडणारे दाते ते लांब सालपटांच्या रूपाने उचलून बाहेर काढतात, आणि चालविणाऱ्याने केवळ आपल्याकडे ओढावयाचे असते, कारण ढकलताच पाते वाकते. त्याहीपूर्वी ओंडक्यात ताण कोठे आणि दाब कोठे, हे ओळखावे लागते. दाबाच्या बाजूस काप मिटून करवत अडकते, म्हणून वेळीच पाचर ठोकावी लागते. बळापेक्षा विवेकास आणि स्वतःच्या घाईपेक्षा सहकाऱ्याच्या लयीस मान देण्यास लावणारी ही विद्या लोकसेवेचे उत्कृष्ट शिक्षण आहे, अशी आमची दृढ श्रद्धा असल्यामुळेच प्रस्तुत अंकाच्या आरंभी तिचा हा सादर परिचय वाचकांस करून देत आहोत.