अभाव म्हणजे शून्य नव्हे

वाईटाला स्वतंत्र अस्तित्व नाही, ते चांगुलपणाचा अभाव आहे, हे संत ऑगस्टीन यांचे प्रतिपादन ऐकले की अनेक बुद्धिवादी उपहासाने हसतात. लक्षावधी निरपराध्यांच्या राखेसमोर ‘अभाव’ हा शब्द उच्चारणे म्हणजे दुःखितांची थट्टा होय, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप वजनदार आहे; परंतु तो ऑगस्टीन यांना लागू पडत नाही.

तारुण्यात ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात होते. हा पंथ अंधाराला प्रकाशाच्या तोडीचे स्वतंत्र तत्त्व मानी. त्यात मोठी सोय होती: पाप अंधाराने केले, मी कोठे केले? अभावाच्या सिद्धान्ताने ही पळवाट बंद केली. शिवाय अभाव म्हणजे शून्य, हे कोणी सांगितले? अंधत्व हा दृष्टीचा अभाव आहे. म्हणून विहिरीत पडलेल्या अंधाच्या जखमा खोट्या ठरतात काय?

दोस्तोयेव्स्की यांच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८८०) या कादंबरीतील इव्हान बालकांच्या यातनांचा जाब देवाला विचारतो. याहून प्रखर आरोपपत्र नास्तिकांनीही क्वचितच लिहिले असेल. आमचे टीकाकार मात्र त्या प्रकरणापाशीच पुस्तक मिटतात. पुढे काय घडते? पित्याच्या जिवाला धोका आहे, याची चाहूल लागूनही इव्हान मॉस्कोला निघून जातो आणि मागे खून होतो. त्याने शस्त्र उचलले नाही. तो केवळ थांबला नाही. जेथे असायला हवे होते तेथे नसणे, हाच तो अभाव!

ऑगस्टीन यांच्या प्रेमसंकल्पनेवर प्रबंध लिहिणाऱ्या हॅना आरेन्ट यांनी १९६१ साली जेरुसलेम येथे आइकमनचा खटला पाहिला. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची त्याची असमर्थता त्यांनी १९६३ च्या ग्रंथात टिपली. तो निव्वळ आज्ञाधारक कारकून नसून कट्टर ज्यूद्वेष्टा होता, हे पुढील संशोधनाने दाखविले. ही दुरुस्ती मान्य केलीच पाहिजे. परंतु द्वेष्ट्याच्या अंतःकरणात तरी शेजाऱ्यासाठी जागा कोठे असते?

मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण केलेल्या अपराधांबरोबर टाळलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. सैतानावर सारा भार टाकून निर्धास्त झोपणाऱ्या श्रद्धावंतांनी आणि परिस्थितीवर तो ढकलणाऱ्या बुद्धिवाद्यांनी त्या शब्दांपाशी क्षणभर थांबावे. आपल्या गैरहजेरीत कोण मारले गेले, हा प्रश्न दोघांनाही चुकवता येणार नाही.