औंध कोणते, हे यंत्राला कोण सांगणार?

संगणकाला आता सारे काही कळते, असे आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने बोलले जाते. ही श्रद्धा भाबडी आहे. संगणकापुढे अक्षरांच्या रांगा असतात. त्यांमागचा अर्थ त्याला कुणीतरी दाखवून द्यावा लागतो.

‘औंध’ हा शब्द घ्या. एक औंध सातारा जिल्ह्यातले, यमाईचे. १९३९ साली ज्या संस्थानाने प्रजेच्या हाती कारभार सोपवला ते. दुसरे औंध पुण्याचे उपनगर. ‘कोयना’ म्हणजे नदी, धरण की रेल्वेगाडी? त्यात आपल्या विभक्तीची भर. ‘कृष्णा’चे ‘कृष्णेला’ झाले की केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ती नदीच हरवते.

या अडचणीवरचा उपाय जुना आहे. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली दोन सहकाऱ्यांसह तो जगापुढे मांडला. प्रत्येक वस्तूला स्वतःची कायमची खूण द्यावी आणि वस्तूंमधील नाते उघड लिहावे: हे औंध गाव आहे, त्याचा जिल्हा सातारा. २०१२ साली सुरू झालेला विकिडेटा याच तत्त्वावर उभा आहे. तेथे दोन्ही औंधांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. मग घोटाळा उरत नाही.

यावर काही विद्वान म्हणतात, अफाट मजकूर वाचून यंत्रे आता संदर्भ स्वतःच ओळखतात. हा खटाटोप हवा कशाला? वाचकहो, ती ओळख म्हणजे अखेर अंदाजच. इंग्रजीत मजकुराचा महापूर आहे, म्हणून तेथे अंदाज बहुधा साधतो. मराठीच्या वाट्याला त्या मानाने ओंजळभर मजकूर. शिवाय सर्वच ठिकाणी अंदाजावर भागत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी नुसते ‘पातळी ४५’ एवढे लिहिले, तर यंत्राने काय समजावे? कोणता पूल, कोणते एकक, कोणती वेळ, हे वेगवेगळे नोंदवले असेल, तरच ते नदीकाठच्या गावांना आपण होऊन सावध करू शकेल. तीच सूचना कागदाचे छायाचित्र म्हणून चिकटवली, तर यंत्रापुरती ती मुकी.

हे काम आपल्याला परके नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोश उभा केला, तो ‘हे काय, कोठले, कोणत्या काळातले’ याची चोख उत्तरे देण्यासाठीच. ती उत्तरे यंत्राला वाचता येतील अशा रूपात आणणे, हे त्याच कामाचे पुढचे पाऊल. संपादक, प्राध्यापक, ग्रंथपाल आणि शासकीय अधिकारी यांनी ते अंगावर घ्यावे. दूरदेशीच्या कंपन्या करतील म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे आपल्या दारावरची पाटी परक्याने रंगवावी, अशी वाट पाहणे. त्याने ती चुकीची रंगवली, तर दोष कुणाला देणार?