विश्लेषण : ७० हजार रेणूंतून सापडली क्षयाची गोळी, पुढची कोण शोधणार?

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षे चालत असे आणि त्यात कित्येक महिने इंजेक्शने घ्यावी लागत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याऐवजी सहा महिन्यांच्या, फक्त गोळ्यांच्या ‘बीपाल्म’ उपचाराला मान्यता दिली. त्या नावातला पहिला ‘बी’ म्हणजे बेडाक्विलिन. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. त्यामुळे हा रेणू कसा सापडला, स्वस्त कसा झाला आणि त्याच्यानंतर काय, हे प्रश्न आपल्यासाठी केवळ प्रयोगशाळेतले नाहीत.

‘लहान रेणू’ म्हणजे नेमके काय?

इन्सुलिनच्या रेणूचे वजन रसायनशास्त्राच्या मापात सुमारे ५,८०० असते, अ‍ॅस्पिरिनचे १८०, तर बेडाक्विलिनचे ५५५. लहान रेणू गोळीतून पोटात जातो, आतड्यातून रक्तात उतरतो आणि पेशीच्या आत शिरू शकतो. तो प्रयोगशाळेत एकेक अणू जोडून बनवता येतो आणि एखादा अणू बदलून पुन्हा तपासताही येतो. औषधी रसायनशास्त्राचा सगळा धंदा या दुसऱ्या सोयीवर चालतो. बदल करा, तपासा, पुन्हा बदल करा.

बेडाक्विलिन सापडले कसे?

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील जान्सेन कंपनीत कोएन आंद्रीस यांच्या चमूने सुमारे ७० हजार रेणू तपासले. क्षयाचा जिवाणू फार संथ वाढतो. एकाचे दोन व्हायलाच जवळपास २० तास लागतात आणि हाताळायलाही तो धोकादायक. म्हणून त्याचा निरुपद्रवी, झपाट्याने वाढणारा भाऊबंद ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ वापरला गेला. रेणू नेमका कुठे काम करतो हे आधी ठरवलेले नव्हते. जिवाणू मरतो का, एवढेच पाहिले.

मारेकरी सापडल्यावर तो मारतो कसा, हे शोधण्याची युक्ती मजेशीर होती. औषधाला पुरून उरलेले मोजके जिवाणू वेगळे काढून त्यांच्या जनुकांत काय बदलले ते वाचण्यात आले. बदल सापडला तो एटीपी सिंथेस या यंत्रणेच्या जनुकात. धरणाच्या पाण्याने जनित्राचे चाक फिरावे, तशी ही यंत्रणा फिरून जिवाणूसाठी ऊर्जा तयार करते. बेडाक्विलिन त्या चाकात पाचर मारते. शरीरात दडून झोपलेल्या जिवाणूलाही थोडी ऊर्जा लागतेच, म्हणून तोही सुटत नाही. अशीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे, पण तिच्यावर या रेणूचा परिणाम २० हजार पटींहून कमी होतो.

हे संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली डिसेंबर २०१२ मध्ये. चार दशकांहून अधिक काळानंतर क्षयावर नव्या पद्धतीने काम करणारे हे पहिले औषध होते.

चारपैकी तीन फुकट

कारखान्यातली अडचण वेगळीच आहे. या रेणूत शेजारी-शेजारी असे दोन कार्बन आहेत, ज्यांभोवतीची मांडणी डाव्या किंवा उजव्या हाताची असू शकते. त्यामुळे तेच अणू, त्याच जोडण्या असूनही चार वेगवेगळी रूपे तयार होतात. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसे जिवाणूच्या त्या चाकात यांपैकी एकच रूप नीट बसते. मूळ पद्धतीत उणे ७८ अंश सेल्सियसला दोन भाग जोडले जातात, चारही रूपांचे मिश्रण हाती येते आणि मग हवे ते वेगळे काढावे लागते. बाकीचे वाया. औषध महाग का, याचे एक उत्तर पेटंटमध्ये असले, तरी दुसरे या भांड्यात आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या ‘मेडिसिन्स फॉर ऑल’ संस्थेने ही अभिक्रिया सुधारून उतारा वाढवला. अशा कामाची बातमी सहसा होत नाही. रुग्णाच्या बिलात मात्र ते उतरते.

पेटंटच्या लढाईत मुंबईचा वाटा

मूळ रेणूचे भारतातील पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. कंपनीने बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षारासाठी वेगळे पेटंट मागितले. ते मिळाले असते तर मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. दोघींनीही क्षयाच्या जुन्या इंजेक्शनांमुळे ऐकण्याची क्षमता गमावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ग्लोबल ड्रग फॅसिलिटी’च्या खरेदीत सहा महिन्यांच्या उपचाराचा दर २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आला. मुंबईची ल्युपिनही पुरवठादारांत होती. माहीत असलेल्या रेणूचा क्षार बनवणे हा नवा शोध नव्हे, ही भारतीय कायद्याची भूमिका इथे हजारो रुग्णांच्या उपयोगी पडली.

मग काळजी कशाची?

पहिली काळजी हृदयाची. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी गोळीरूप औषधांसाठी ठोकताळे मांडले. वजन ५०० च्या आत हवे आणि रेणू फार तेलकट नसावा. बेडाक्विलिन दोन्ही मोडते. ते चरबीप्रेमी असल्याने शरीरात रेंगाळते. उपचार थांबल्यानंतर त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साडेपाच महिने लागतात. शिवाय ते हृदयाच्या पेशींतील ‘हर्ग’ या पोटॅशियमच्या वाटेत अडकते आणि ईसीजीमधील ‘क्यूटी’ अंतर लांबते. म्हणूनच हे औषध घेणाऱ्याचा ईसीजी पुन्हा पुन्हा काढला जातो.

दुसरी काळजी अधिक गंभीर. जिवाणू आता बेडाक्विलिनलाही सरावू लागला आहे. औषध बाहेर फेकणारा त्याचा पंप एका जनुकातील बिघाडाने जोरात चालू होतो. जे औषध शरीरात महिनोन् महिने थोडे थोडे उरते, ते अर्धवट उपचार सोडलेल्या रुग्णात जिवाणूला सराव करायला वेळच देते.

यावर उतारा पुन्हा रसायनशास्त्राचाच. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ आणि ‘टीबी अलायन्स’ ही ना-नफा संस्था यांनी बेडाक्विलिनच्या सांगाड्यातील काही कडी बदलून तेलकटपणा घटवला. त्यातून ‘टीबीएजे-८७६’ हा रेणू मिळाला. प्रयोगशाळेत तो जिवाणूविरुद्ध अधिक प्रभावी आणि ‘हर्ग’च्या बाबतीत अधिक सौम्य ठरला. त्याच्या मानवी चाचण्या सुरू आहेत.

भारत यात कुठे आहे?

भारत प्रामुख्याने गोळ्या बनवण्यात आहे. २००८ मध्ये सीएसआयआरने क्षयासाठी खुल्या पद्धतीने औषध शोधण्याचा ‘ओएसडीडी’ प्रकल्प सुरू केला. त्यातून बाजारात औषध आलेले नाही. क्षमता नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईच्या वोक्हार्टने न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक स्वतः विकसित केले आणि त्याला केंद्राच्या ‘बायरॅक’ची मदत होती. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे संश्लेषणाची जाण पिढ्यान् पिढ्यांची आहे.

अडते ते मधल्या टप्प्यात. तपासणीतून निघालेला रेणू आणि माणसाला देता येईल असे औषध यांच्यात शेकडो भावंड-रेणू बनवून तपासण्याची काही वर्षे असतात. त्यातून शोधनिबंध थोडे निघतात, नफा त्याहून कमी. क्षयरुग्ण बहुतांशी गरीब असल्याने खासगी कंपनीला इथे घाई नाही आणि पदोन्नतीसाठी निबंध मोजणाऱ्या प्राध्यापकालाही नाही. केंद्राने २०२३ मध्ये औषध संशोधनासाठी ५,००० कोटींची ‘प्रिप’ योजना आणली. नवे रेणू आणि प्रतिजैविक-प्रतिकार हे दोन्ही विषय तिच्या प्राधान्ययादीत आहेत. या पैशाचा ठरावीक हिस्सा क्षयाच्या रेणूंवरील या मधल्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, तो दहा वर्षांच्या मुदतीने द्यावा आणि फसलेल्या रेणूंचेही निकाल खुले करण्याची अट घालावी. टीबीएजे-८७६ उद्या मंजूर झाले, तरी ते बेडाक्विलिनच्याच कुळातले आहे आणि पंपाशी त्याचीही गाठ पडणार आहे.